वालचंदशेठ नक्की कसला धंदा करायचे? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात शेठ वालचंद हिराचंद यांच्यावर अर्ध्या पानाचा छोटा मजकूर छापला होता. सोलापूरचा माणूस, रेल्वेचे ठेके, मग जहाज, साखर, विमान, मोटार, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि मेल येतील असं वाटलं नव्हतं. काही कौतुकाची आहेत, काही चिडून लिहिलेली आहेत आणि एकदोन तर घरगुती भांडणाचीच आहेत. सगळी छापणं शक्य नाही, पण ज्यात बोलण्यासारखं काही आहे ती घेतली आहेत.

प्रश्न: नमस्कार. माझा मुलगा बत्तीस वर्षांचा आहे, इंजिनिअर. आधी नोकरी केली, मग कोचिंग क्लास काढला, तो बंद करून ऑनलाइन मसाले विकायला लागला, आता म्हणतो सोलरचं काम घेणार. काही बोललं की तुमच्या अंकातलं वालचंदांचं पान दाखवतो, "त्यांनी पण किती धंदे केले बघा". तुम्ही हे छापून आमच्या घरात आग लावली. खरंच ते असे उड्या मारत होते का? (एक वडील, बार्शी)

काका, तुम्ही बार्शीचे म्हणजे गंमतच आहे, कारण वालचंदांचं पहिलं मोठं काम तुमच्याच भागातलं. पण आधी थोडं मागून सांगतो. जन्म 1882 चा, सोलापूरचा. घर गुजराती बोलणारं, दिगंबर जैन, मूळ सौराष्ट्रातल्या वांकानेरचं. वडील हिराचंद नेमचंद, कापसाचा व्यापार आणि सावकारी. मुंबईला सेंट झेवियर्स, पुण्याला डेक्कन कॉलेज असं थोडं थोडं शिक्षण झालं आणि मग घरच्या पेढीवर बसवलं. तिथे हा माणूस काही रमला नाही. गादीवर बसून भाव चढायची वाट बघणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

मग त्यांना भेटले लक्ष्मणराव फाटक. हे रेल्वेतले माजी कारकून, म्हणजे टेंडर कसं निघतं, बिल कुठे अडतं, साहेब काय बघतो हे सगळं आतून माहीत असलेला माणूस, फक्त खिशात पैसा नाही. वालचंदांकडे घरचा पैसा आणि पत होती पण रेल्वेचं ज्ञान शून्य. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामातला येडशी ते तडवळे हा तुकडा घेतला. बार्शी लाइट म्हणजे ती अडीच फूट रुंदीची छोटी गाडी, तुमच्याकडच्या जुन्या माणसांनी त्यातून प्रवास केलेला असणार. मातीकाम, भराव, पूल, मजुरांची सोय, खडी, सगळं वेळेत करायचं आणि बिल काढायचं. हे त्यांना जमलं, नुसतं जमलं नाही, आवडलं.

आता तुमच्या मुलाबद्दल. मी वालचंदांचं सगळं वाचून जे समजलो ते असं की हा माणूस आयुष्यभर ठेकेदारच होता, फक्त ठेक्याचा माल बदलत गेला. पद्धत तीच, आधी बघायचं की गिऱ्हाईक नक्की कोण आहे (बहुतेक वेळा सरकार किंवा रेल्वे), मग त्या कामातला जाणकार शोधायचा, मग पैसा उभा करायचा, आणि एका कामातली माणसं, यंत्रं, ओळखी पुढच्या कामात घेऊन जायच्या. त्यामुळे मुलाला एकच विचारा, क्लासमधलं काय मसाल्यात आलं आणि मसाल्यातलं काय सोलरमध्ये जाणार आहे? ठोस काही सांगितलं, अमुक गिऱ्हाईक, तमुक माणूस, तर करू द्या. नुसतं "सोलरला स्कोप आहे" म्हणाला तर आमचं पान त्याच्याकडून काढून घ्या.

प्रश्न: रेल्वेचे बोगदे खणणारा माणूस एकदम जहाज विकत घेतो हे काही पटत नाही. नक्की काय झालं होतं? आणि 5 एप्रिल हा दिवस त्याच्याशी संबंधित आहे असं माझे सासरे म्हणतात (ते मर्चंट नेव्हीत होते). (एक वाचक, अलिबाग)

सासरे बरोबर आहेत ताई. 5 एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळतात, 1964 पासून, आणि तो एसएस लॉयल्टी नावाच्या जहाजामुळे. 5 एप्रिल 1919 ला ही लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली, भारतीय मालकीच्या कंपनीचं जहाज म्हणून. तारीख लक्षात ठेवायची तर पुढच्याच आठवड्यात जालियनवाला बाग झालं, असा तो काळ.

आता घेतलं का ते. पहिल्या महायुद्धात लष्करी बराकी वगैरे बांधून वालचंदांकडे पैसा आला होता. असं सांगतात की दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीच्या डब्यात कुणाच्या तरी बोलण्यातून त्यांना कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं जहाज विकायला आहे. हे जहाज मूळचं एम्प्रेस ऑफ इंडिया, 1891 सालचं, कॅनडियन पॅसिफिक कंपनीचं. युद्ध सुरू झाल्यावर महाराजांनी ते घेऊन जखमी सैनिकांसाठी हॉस्पिटल शिप केलं आणि लॉयल्टी नाव दिलं. युद्ध संपलं, जहाज रिकामं. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास या मुंबईतल्या बड्या लोकांना गोळा केलं आणि जहाज घेऊन कंपनीच काढली. शिंद्यांचं जहाज म्हणून कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन.

खरं सांगायचं तर जहाज म्हणून लॉयल्टी हा तोट्याचाच सौदा होता. अठ्ठावीस वर्षं जुनं, कोळसा खाणारं, त्यातून फायदा असा झालाच नाही आणि 1923 ला ते मोडीत काढलं. पण त्या एका जहाजाने कंपनी उभी राहिली आणि इंग्रज कंपन्यांच्या पोटात गोळा आला, कारण भारताच्या किनाऱ्यावर तेव्हा राज्य होतं ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं, म्हणजे बीआय, आणि तिचे सर्वेसर्वा लॉर्ड इंचकेप.

बीआयची पद्धत सगळ्यांना माहीत होती. 1906 मध्ये तुतिकोरिनला चिदंबरम पिल्लै यांनी स्वदेशी शिपिंग कंपनी काढली होती, तिला भाडं पाडून पाडून संपवलं आणि पिल्लैंना राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात टाकलं. सिंदियाच्या बाबतीतही तोच खेळ, जिथे सिंदियाचं जहाज जाणार तिथे भाडं इतकं खाली आणायचं की समोरच्याचा कोळशाचा खर्च पण निघू नये, स्वतःचा तोटा बाकीच्या मार्गांवरून भरून काढायचा, आणि व्यापाऱ्यांना सांगायचं की फक्त आमच्याकडेच माल दिलात तर वर्षाच्या शेवटी काही रक्कम परत देऊ, म्हणजे व्यापारी अडकला. शिवाय कंपनी विकत घ्यायची ऑफर होतीच. ती नाकारली.

पण 1923 ला सिंदियाला करार करावाच लागला. दहा वर्षं फक्त हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या किनाऱ्यापुरतं राहायचं, जहाजांची क्षमता पण ठरवून दिलेली, परदेशी मार्गाचं नाव काढायचं नाही. ज्या कंपनीची पहिली फेरी लंडनची तिला लंडन बंद! वालचंदांना हे खूप झोंबलं होतं. तरी माझं मत असं की तो करार नसता तर सिंदिया 1925 पर्यंत पण टिकली नसती. पिल्लैंकडे हट्ट होता, सिंदियाकडे हट्ट होता आणि मुंबईच्या गिरणीवाल्यांचा पैसा होता, एवढाच फरक. नरोत्तम मोरारजी 1929 ला मोटार अपघातात गेले आणि मग वालचंद चेअरमन झाले, त्यानंतर कंपनीचा सूर एकदम बदलला. किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवा या मागणीचं विधेयक एस. एन. हाजी या सदस्याने 1928 मध्ये विधिमंडळात आणलं होतं, ते काही पास झालं नाही पण मागणी वालचंदांनी सोडली नाही. ती मान्य झाली स्वातंत्र्यानंतर.

प्रश्न: एवढा पैसा आला कुठून? माझा स्टार्टअप आहे, बँक आम्हाला दारात उभं करत नाही. (एक वाचक, हिंजवडी)

दुसऱ्यांचा पैसा, सरळ उत्तर. घरचं भांडवल सुरुवातीला होतं, ते विसरून चालणार नाही, हा काही फुटपाथवरून आलेला माणूस नाही. पण पुढची सगळी उडी मॅनेजिंग एजन्सी या पद्धतीवर. म्हणजे कंपनी पब्लिक असायची, शेअर लोकांचे, आणि ती चालवायचं कंत्राट प्रवर्तकाच्या छोट्या फर्मकडे, त्याबद्दल कमिशन. थोड्या पैशात मोठी कंपनी हातात. तेव्हा टाटा, बिर्ला, इंग्रज कंपन्या सगळेच असं करायचे, नंतर 1970 मध्ये कायद्याने ही पद्धत बंद झाली.

शिवाय भागीदार निवडण्यात ते हुशार होते. 1920 च्या सुमारास टाटांबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन ही कंपनी झाली, भोर घाटातले रेल्वेचे बोगदे त्याच काळातले, पुढे मुंबई–पुणे प्रवासात तुम्ही कितीतरी वेळा त्यातून गेला असाल. 1926 मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन निघाली, जिने खूप पुढे वांद्रे–वरळी सी लिंक बांधला. त्याच वर्षी इंडियन ह्यूम पाइप. आता ह्यूम पाइप हा शब्द आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या बजेटमध्ये पण असतो, पण तो काँक्रीटचा पाइप बनवायची युक्ती वॉल्टर ह्यूम नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाची होती. पाणीपुरवठ्याची आणि मोऱ्यांची कामं करणाऱ्याने पाइप पण स्वतःच बनवायचे, साधा हिशोब.

आणि भाऊ. गुलाबचंद, रतनचंद, लालचंद हे मागे रोजचा कारभार बघायचे म्हणून पुढचा माणूस जगभर फिरू शकला. तुमच्या स्टार्टअपमध्ये असा रोजचं बघणारा कुणी आहे का ते आधी बघा, बँकेचं नंतर.

प्रश्न: मी वालचंदनगरला वाढले, वडील कारखान्यात होते. कॉलनीत सगळं होतं, शाळा, दवाखाना, क्लब. पण ठेकेदार माणूस ऊस आणि साखरेत का शिरला ते कुणी कधी सांगितलं नाही. (एक वाचक, सध्या ह्यूस्टन)

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. दोन जागा आहेत, आधी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव, मग इंदापूर तालुक्यात कळंब, ज्याचं पुढे वालचंदनगर झालं. रावळगावला ओसाड जमीन घेतली तेव्हा लोक हसले असणार, पण विचार करा, जमीन सपाट करणं, दगड काढणं, पाट खणणं, शेकडो मजुरांची राहायची सोय करणं, हे ठेकेदाराचं रोजचंच काम आहे. शेती नंतर आली, मातीकाम आधी.

खरा टर्न आला 1932 ला. त्या वर्षी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, जावा बेटावरून येणाऱ्या स्वस्त साखरेवर जबरदस्त जकात बसली आणि देशभर साखर कारखाने उगवायला लागले. वालचंदांकडे जमीन आणि पाणी आधीच होतं. रावळगावचा कारखाना 1933 ला आणि कळंबचा 1934 ला सुरू झाला. हे नशीब की दूरदृष्टी? माझ्या मते अर्धं अर्धं. जमीन त्यांनी जकातीच्या किती तरी आधी घेतली होती, तेव्हा जकात येणार हे काही त्यांना कुणी कानात सांगितलेलं नव्हतं.

आणि कारखाना चालवायचा तर रोज काहीतरी मोडतं, रोलर, गिअर, बॉयलर. दुरुस्तीचं वर्कशॉप लागतंच. त्या वर्कशॉपच्या वाटेने वालचंदनगर पुढे साखर कारखान्यांची यंत्रं बनवायला लागलं, मग सिमेंटची, मग तुमच्या वडिलांच्या पिढीने इस्रोच्या रॉकेटच्या मोटरचे कवच पण बनवले. 1940 मध्ये सातारा रोडचा कूपर कारखाना घेतला तो पण याच लाइनीतला, नांगर आणि इंजिनं. त्याचे धनजीशा कूपर म्हणजे 1937 साली मुंबई प्रांताचे काही महिने पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते तेच.

रावळगावचं गोड तर सगळ्यांच्या तोंडात होतं. 1942 पासून तिथे गोळ्या बनायला लागल्या, पान पसंद, मँगो मूड, नव्वदच्या दशकात शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा. तो ब्रँड 2024 मध्ये रिलायन्सने 27 कोटींना घेतला. एवढ्या जुन्या नावाची किंमत मुंबईतल्या एखाद्या आलिशान फ्लॅटएवढी निघाली हे वाचून मला जरा चुकल्यासारखं झालं, पण बाजार असाच आहे.

प्रश्न: एचएएल (विमानं बनवणारी हिंदुस्थान एरोनॉटिक्स) बेंगळुरूला का गेली? मराठी माणसाच्या डोक्यातली कल्पना आणि फायदा कर्नाटकला. आपल्याच लोकांनी साथ दिली नसणार. (एक वाचक, नाशिक)

भाऊ, जरा थांबा. एक तर वालचंदांना मराठी माणूस म्हणायचं की सोलापूरचा गुजराती म्हणायचं यावरून मला आणखी पत्रं नको आहेत, सोलापूरचे होते एवढं पुरे. दुसरं म्हणजे तेव्हा महाराष्ट्र नव्हता आणि कर्नाटकही नव्हतं. मुंबई इलाखा थेट इंग्रजांच्या ताब्यात, आणि इंग्रज सरकारला इथे विमान बनवण्यात काडीचा इंटरेस्ट नव्हता. संस्थानांना थोडं मोकळं वागता यायचं. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल हा कारखाने आणायला हपापलेला माणूस. बेंगळुरूला सुमारे 700 एकर जागा फुकट आणि वर संस्थानचे 25 लाख रुपये भागभांडवलात. असा दिवाण आपल्याकडे कुठे होता?

सुरुवात कशी झाली ती कथा भारी आहे. 1939 ला वालचंद अमेरिकेला गेले होते मोटारींसाठी. परत येताना पॅसिफिकवरून उडणाऱ्या क्लिपर विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली, जो चीनमध्ये विमान जुळवणीचा कारखाना चालवत होता. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाचा कारखाना डोक्यात घेऊन परतला. 23 डिसेंबर 1940 ला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदवली, 1941 मध्ये पहिलं हार्लो ट्रेनर विमान तिथे जुळवून उडालं पण. वर्षभरात! आज आपल्याकडे वर्षभरात नुसती फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते.

तोवर युद्ध आलं, इंग्रज सरकारने भाग घेतला, आणि जपान सिंगापूर, रंगून घेत पुढे यायला लागल्यावर एप्रिल 1942 मध्ये सरकारने वालचंदांचे शेअर घेऊन त्यांना बाहेर काढलं. पुढे तिथे अमेरिकन हवाई दलाची विमानं दुरुस्त व्हायची. एचएएल हे नाव नंतर वेगळ्या अर्थाने मोठं झालं, पण सुरुवात ही.

प्रश्न: युद्धात ठेके घेऊन गब्बर झालेला भांडवलदार, सगळं सरकारच्या जिवावर, आणि तुम्ही त्याला देशभक्त म्हणून रंगवता. मजुरांबद्दल एक ओळ नाही. (एक वाचक, इचलकरंजी)

मजुरांबद्दल ओळ नाही हे कबूल, अर्ध्या पानात बसली नाही म्हणून सोडून द्यायला नको होती. बोगद्यात, साखरेच्या शेतात, जहाजावर जे राबले त्यांची नावं कुठल्याच चरित्रात सापडत नाहीत.

युद्धात पैसा मिळाला हे पण शंभर टक्के खरं. पहिल्या युद्धातल्या बराकींच्या पैशावरच लॉयल्टीसारख्या उड्या मारता आल्या. आणि सरकारच्या जिवावर? अर्धं खरं. सरकार त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं आणि सगळ्यात मोठी अडचण पण तेच. 1932–33 ला ते फिक्की या भारतीय व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, काँग्रेसच्या पुढाऱ्यांशी उठबस, विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची पायाभरणी 21 जून 1941 ला डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हातून, म्हणजे युद्ध चालू असताना, इंग्रज सरकारच्या नाकावर टिच्चून. त्याच सरकारकडे मशिनरी आयात करायचं लायसन्स मागायचं. हे दोन्ही एकाच वेळी करणारा माणूस साधासुधा देशभक्त नव्हता आणि नुसता नफेखोरही नव्हता, तुम्हाला एकच रंग हवा असेल तर मी देऊ शकत नाही. त्यांचं देशप्रेम आणि त्यांचा फायदा एकाच दिशेला होते, असं म्हणा हवं तर. परदेशी जहाजांना किनारा बंद करा ही मागणी देशाची होती आणि सिंदियाची पण.

प्रश्न: प्रीमियर पद्मिनी वालचंदांची का? माझ्या वडिलांनी वीस वर्षं ती टॅक्सी चालवली, मला अभिमानाने सांगायचं आहे. (एक वाचक, लालबाग)

सांगा की, बिनधास्त सांगा. पण थोडी दुरुस्ती करून. कंपनी त्यांची, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, 1944 ची, कारखाना कुर्ल्याला. पद्मिनी मॉडेल मात्र त्यांच्यानंतर खूप वर्षांनी आलं. त्यांचा मोटारींचा नाद 1939 पासूनचा, क्रायस्लर कंपनीशी बोलणी झाली, पण युद्धात सरकारने मोटार कारखान्याला हिरवा कंदील दिला नाही, आधी युद्धाचा माल. शेवटी 1947 मध्ये डॉज आणि प्लिमथच्या गाड्या, ट्रक बाहेर पडायला लागले. फियाटशी संबंध त्यानंतर जुळला, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि त्या फियाट 1100 चीच सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. काळी पिवळी म्हणजे पद्मिनी असं मुंबईचं समीकरणच होतं. शेवटची नोंदणी 2003 ची आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली. तो गिअर स्टिअरिंगच्या बाजूला असायचा, बोनेटखाली हात घालून ड्रायव्हर स्वतःच दुरुस्ती करायचा, तुमच्या वडिलांना हे मला सांगायची गरज नाही.

प्रश्न: शेवटी हाती काय राहिलं त्यांच्या? (एक वाचक, कोल्हापूर)

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा त्यांचा गट देशातल्या मोठ्या दहा उद्योगघराण्यांत धरला जायचा. पण ज्या तीन गोष्टींवर त्यांचं नाव आहे, जहाज, विमान, मोटार, त्यातलं विमान 1942 लाच गेलं. विशाखापट्टणमची कथा अजून वाईट, 1941 ला पायाभरणी, एप्रिल 1942 ला जपानी बाँब पडले, यंत्रं हलवावी लागली, युद्ध संपेपर्यंत काम जवळजवळ ठप्प. तरी 14 मार्च 1948 ला जलउषा हे आठ हजार टनी जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पण इंग्लंडपेक्षा इथे जहाज महाग पडायचं, सबसिडीशिवाय चालेना, आणि 1952 मध्ये कारखान्याचा मोठा हिस्सा सरकारने घेतला, पुढे सगळाच. सिंदियाची एक विमान कंपनी पण होती, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, ती 1953 च्या राष्ट्रीयीकरणात गेली.

यातलं शेवटचं त्यांना बघायला लागलं नाही म्हणा किंवा बघायला मिळालं नाही म्हणा. 1949 ला अर्धांगाचा झटका आला, 1950 ला कामातून निवृत्त, आणि 8 एप्रिल 1953 ला गुजरातमधल्या सिद्धपूरला गेले. पत्नी कस्तुरबाई शेवटपर्यंत सेवेला होत्या. सांभाळणारा माणूस म्हणून मी त्यांना फार मार्क देणार नाही, एकाच वेळी इतक्या आघाड्या उघडल्या की प्रत्येक ठिकाणी पैसा कमीच पडायचा आणि मग सरकार किंवा दुसरा कुणीतरी आत यायचा. पण सुरू करणारा म्हणून त्यांच्या तोडीचा त्या काळात कोण होता ते तुम्हीच सांगा, मला तरी पटकन नाव सुचत नाही.

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत पोरांना यातलं काही दाखवता येईल का? (एक शिक्षिका, सांगली)

मॅडम, तुमच्या गावातच वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग आहे, 1947 चं, मोठ्या देणगीनंतर त्यांचं नाव 1955 मध्ये दिलं. तिथून सुरुवात करा, फक्त सुट्टीत ऑफिस उघडं असतं का ते आधी विचारून घ्या. लांब जायची तयारी असेल तर बेंगळुरूला एचएएलचं म्युझियम आहे, जुनी विमानं जवळून बघता येतात आणि पोरं तिथे दोन तास आरामात रमतात. वालचंदनगरच्या कारखान्यात मात्र असं उठून जाता येणार नाही, शाळेच्या लेटरहेडवर आधी परवानगी मागा आणि उत्तर यायला वेळ लागला तर फोन करा, दिवाळीआधीच्या आठवड्यात कुणी पत्र उघडत नाही.